जुन्या गाड्यांचा खरा टॉप स्पीड किती? आरएक्स १००, बुलेट ३५०, येझदी, आरडी

कराडची_आरएक्स

नमस्कार मंडळी. गाडी यामाहा आरएक्स १००, मॉडेल १९९४. इंजिन एकदा रिबोअर झालंय (सिलेंडर आतून कोरून मोठा केलाय), कार्बोरेटर ओरिजिनल मिकुनी. सपाट रस्त्यावर फुल अ‍ॅक्सिलेटर देऊन काटा ९५ वर थांबतो, पण मोबाइलचं जीपीएस ८३ दाखवतं. इकडे ज्याला विचारावं तो म्हणतो, "आरएक्स १२० जाते, तुझी गाडी बसलीय."

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. स्टँडर्ड आरएक्स खरंच किती जायला हवी? मीटर आणि जीपीएसमध्ये १२ चा फरक कुठून आला? आणि ८३ हा आकडा कमी असेल तर तपासायला सुरुवात कुठून करू?

घरात काकांची जुनी कास्ट आयर्न बुलेट ३५० पण आहे. तिला पुढचं १७ दातांचं सॉकेट (चेनचं दातेरी चाक) टाकलं की टॉप स्पीड वाढतो असं गॅरेजवाले सांगतात. त्यात किती तथ्य आहे?

दोनस्ट्रोकी

१२० विसरा. हिशोब मांडला की कळेल.

आरएक्स १०० म्हणजे ९८ सीसी, ५० बाय ५० मिमीचा बोअर-स्ट्रोक (सिलेंडरची रुंदी आणि पिस्टनची चाल), ७५०० आरपीएमला (मिनिटाला फेरे) ११ पीएस (हॉर्सपॉवर). ही ताकद क्रँकवरची, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्यावरची. क्लच, गिअर, चेन असं करत चाकापर्यंत पोचताना १२-१३ टक्के जाते, हातात उरतात साडेनऊ पीएस, म्हणजे सुमारे ७ किलोवॉट. त्यातले ०.७ किलोवॉट टायर रस्त्यावर लोळवण्यात खर्ची पडतात. बाकी सगळी ताकद हवेशी भांडायला. हवेला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ८० वरून १०० ला जायचं तर वेग सव्वापट होतो, ताकद मात्र जवळजवळ दुप्पट लागते.

सरळ बसलेला माणूस आणि आरएक्ससारखी बारीक गाडी धरली तर हवा अडवणारं क्षेत्रफळ गुणिले आकाराचा गुणांक साधारण ०.६ चौरस मीटर येतं. त्या हिशोबाने वेग निघतो ताशी ९३ किमी. टाकीवर आडवं पडून, कोपर आत घेऊन तोच आकडा ०.४५ पर्यंत उतरला तर १०२-१०३. म्हणजे चांगल्या अवस्थेतली स्टँडर्ड आरएक्स सरळ बसून नव्वदीच्या थोडी वर आणि झोपून शंभर, एवढंच. झोपूनसुद्धा १२० गाठायला क्रँकवर १७ पीएस लागतील. ते ९८ सीसीतून निघतात, पण पोर्ट (सिलेंडरची भोकं) कोरून, एक्स्पान्शन चेंबर (रेसिंगचा सायलेन्सर) लावून. मग ती स्टँडर्ड गाडी राहत नाही, आणि पिस्टनचं आयुष्य किती ते विचारायचंच नाही.

याच हिशोबाने बाकीच्या गाड्या:

बुलेट ३५० कास्ट आयर्न, १८ बीएचपी: सरळ बसून ११० च्या आसपास.
येझदी रोडकिंग, १६ बीएचपी: १०५ ते ११०.
राजदूत यामाहा आरडी ३५०, एचटी (हाय टॉर्क मॉडेल), ३०.५ बीएचपी: झोपून १४५ ते १५०. एलटी (लो टॉर्क) मॉडेल २७ बीएचपीचं, ते पाच-सहाने मागे.

हे आकडे वारा नसताना, सपाटीवर, एकट्या माणसाचे. शंभराला एक एवढा उतार मिळाला तरी आरएक्सला अडीच किमी फुकट मिळतात, आणि पाठीमागून ताशी १० चा वारा असला तर सात-आठ. गावोगावच्या १२० मध्ये उतार, वारा आणि मीटर तिघांचाही वाटा असतो.

तुमचे ८३ मात्र कमी आहेत. सरळ बसून घेतले असतील तर निदान आठ-दहा किमी कुठेतरी अडकलेत.

काटा_आणि_केबल

मीटरचं मी सांगतो. जुन्या मीटरमध्ये केबल एक लोहचुंबक फिरवते. त्याच्यावर अ‍ॅल्युमिनियमची वाटी असते, तिला चुंबक स्पर्श न करता ओढतो, आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचून धरते. या दोघांच्या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो वेग. तीस वर्षांत दोन्ही गोष्टी बदलतात. स्प्रिंग ढिली पडली की मीटर जास्त दाखवतं, चुंबक कमजोर झाला की कमी. त्यात कंपन्या मुळातच मीटर थोडं पुढे ठेवतात, कारण जगभरच्या नियमांचा रोख असा की मीटरने खऱ्यापेक्षा कमी कधीच दाखवू नये.

८३ ला ९५ म्हणजे १४ टक्के जास्त. आरएक्सचं मीटर पुढच्या चाकावर चालतं, म्हणून आधी पुढचा टायर बघा. ओरिजिनल साइज २.५०-१८. घासून गुळगुळीत झालेला असेल किंवा हवा कमी असेल तर चाक जास्त फेरे मारतं आणि काटा पुढे पळतो. उलट २.७५-१८ टाकला असेल तर घेर दोन टक्क्यांनी वाढतो आणि मीटर तेवढं कमी दाखवतं.

काटा थरथरत असेल तर केबल काढा, आतली तार रॉकेलमध्ये धुवा, पुसून हलकं ग्रीस लावा. मीटरकडचे वरचे १५ सेंमी कोरडेच ठेवायचे. तिथे ग्रीस लावलं की ते फिरत फिरत वर चढतं, वाटीवर बसतं, आणि मग चुंबक आणि वाटी चिकटून काटा थेट टोकाला जातो. "माझी १४० गेली" वाले फोटो बरेचदा असेच जन्माला येतात.

जीपीएसने मोजताना एक पथ्य. मोबाइल साधारण सेकंदाला एकदा आकडा बदलतो, त्यामुळे क्षणभर दिसलेला मोठा आकडा धरायचा नाही. वेग दहा सेकंद टिकला पाहिजे. तोच पट्टा उलट दिशेने करायचा आणि सरासरी काढायची. फोन खिशात नको, हँडलवर आकाशाकडे तोंड करून हवा. मीटर तपासायला टॉप स्पीड लागतच नाही. ४०, ६० आणि ८० ला फरक लिहून घ्या. तिन्हीकडे टक्केवारी सारखी असेल तर टायर किंवा स्प्रिंग, वाढत्या वेगाबरोबर आकडा वेडावाकडा होत असेल तर केबल.

थंपवाले

बुलेटच्या सॉकेटबद्दल. गॅरेजवाल्यांचं अर्धवट खरं आहे.

आधी रेशो काढा. जुन्या चार गिअरच्या ३५० ला इंजिन सॉकेट २५ दात, क्लच ५६, गिअरबॉक्सचं १६, मागचं ३८ अशी मांडणी असते. मधे कुणी काय बदललंय सांगता येत नाही, म्हणून स्वतः मोजा. टॉप गिअर सरळ एकास एक. ५६ भागिले २५ म्हणजे २.२४, ३८ भागिले १६ म्हणजे २.३७५, गुणाकार ५.३२.

सूत्र सोपं आहे: आरपीएम गुणिले चाकाचा घेर मीटरमध्ये, गुणिले ०.०६, भागिले एकूण रेशो. ३.२५-१९ टायरचा घेर माणूस बसल्यावर २ मीटरच्या आसपास. बुलेट १८ बीएचपी ५६२५ आरपीएमला देते. तिथे वेग येतो १२७. पण वर दाखवल्याप्रमाणे सरळ बसून हवा तिला ११० लाच अडवते, तेव्हा इंजिन ४९०० च्याही खाली असतं. म्हणजे स्टँडर्ड रेशोवरच टॉप गिअरमध्ये इंजिन आपल्या पूर्ण ताकदीच्या आरपीएमला पोचत नाही.

आता १७ दात टाका. रेशो ५.०१. त्याच ११० ला आरपीएम आणखी घसरून ४६०० च्या आत, आणि तिथे इंजिनकडे ताकद अजून कमी. त्यामुळे टॉप स्पीड एक तर तेवढाच राहतो नाहीतर दोन-तीनने उतरतो. वाढतो तो फक्त कागदावर. फायदा दुसरीकडे आहे: ८० ला इंजिन ३५५० ऐवजी ३३५० वर फिरतं, थरथर कमी, थोडा अ‍ॅव्हरेज वाढतो. खंबाटकी चढताना मात्र तिसरा गिअर लवकर टाकावा लागेल. काका लांब पल्ल्याला एकटेच जात असतील तर १७ टाका, मागे काकू आणि सामान असेल तर १६ च बरं.

बुलेटचा वेग खरोखर कमी झाला असेल तर सॉकेटच्या आधी दोन गोष्टी. पॉइंटच्या प्लेटमागचं ऑटो अ‍ॅडव्हान्स (वेग वाढला की ठिणगी आधी पाडणारी यंत्रणा) उघडा. त्याची वजनं गंजून अडकली की टायमिंग पुढे सरकतच नाही, गाडी किकला मस्त चालू होते आणि ७०-७५ नंतर मेल्यासारखी ओढते. वजनं हाताने उघडून सोडली की स्प्रिंगने टकदिशी मिटली पाहिजेत. टायमिंग लावायचं ते वजनं मिटलेली असताना, पिस्टन टॉपच्या ०.८ मिमी आधी पॉइंट उघडतील असं. पॉइंट गॅप ०.३५ ते ०.४०. दुसरं टॅपेट (व्हॉल्व्हच्या दांड्याची फट): थंड इंजिनला पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे, वरखाली मात्र हलता कामा नये. घट्ट राहिला तर व्हॉल्व्ह बसत नाही आणि कॉम्प्रेशन जातं.

आणि ११० जाते म्हणून ११० वर ठेवायची नाही. बुलेटचा स्ट्रोक ९० मिमी. ४९०० ला पिस्टनची सरासरी गती सेकंदाला १४.७ मीटर होते. आरएक्सचा पिस्टन पूर्ण ७५०० ला १२.५ च जातो. शिवाय जुन्या बुलेटच्या कनेक्टिंग रॉडखाली रोलर नाही, फ्लोटिंग बुश आहे, तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. वेग टिकवून ठेवला की कास्ट आयर्नचं हेड तापतं, ऑइल पातळ होतं आणि बुश खायला लागतो. ८० ते ८५ ही तिची खरी चाल.

दोनस्ट्रोकी

आता आरएक्सचे हरवलेले दहा किमी. हेड उघडायची घाई करू नका, फुकटच्या गोष्टी आधी.

गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रल, मागचं चाक हाताने जोरात फिरवा. दोन-अडीच फेरे आरामात फिरलं पाहिजे. लगेच थांबलं तर ब्रेक घासतोय, चेन कडक आहे किंवा बेअरिंग धरलंय. पुढच्या चाकाचंही तसंच बघा. चेन मधोमध २५ ते ३० मिमी खालीवर हवी, आणि ती चाक फिरवून जिथे सगळ्यात घट्ट लागेल तिथे मोजायची, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी ताणत नाही.

मग क्लच. टॉप गिअरमध्ये ५० ला एकदम फुल अ‍ॅक्सिलेटर द्या. आवाज चढला आणि गाडी मागे राहिली तर क्लच सरकतोय.

मग सायलेन्सर. आरएक्समध्ये हा पहिल्या क्रमांकाचा गुन्हेगार. मागच्या टोकाचा स्क्रू काढून बॅफलची नळी पकडीने ओढा. भोकांवर काळा दगड जमला असेल तर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी ब्रश मारून धुवा. हातमोजे आणि चष्मा घाला, आणि अ‍ॅल्युमिनियमचा कुठलाही भाग त्या पाण्यात टाकू नका, तो विरघळतो. सायलेन्सर सोडलाच आहे तर पिस्टन खाली आणून एक्झॉस्ट पोर्टमध्ये डोकावा. पोर्टच्या कडेला कार्बन चढून भोक बारीक झालेलं असतं. लाकडी पट्टीने खरवडा, स्क्रूड्रायव्हरने नको, पिस्टनवर चरा पडतो.

एअर फिल्टरचा फोम रॉकेलमध्ये धुवून, पिळून, ऑइलचे चार थेंब लावून बसवा. फोमच काढून टाकला असेल तर मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी). त्याने वेग जातो आणि पुढे पिस्टनही.

कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तपासायला शंभर गाठायची गरज नाही. तिसऱ्या गिअरात फुल अ‍ॅक्सिलेटर देऊन थोडं ताणा, तसाच ठेवून चावी बंद, क्लच दाबा, बाजूला थांबून प्लग काढा. कॉफीचा रंग म्हणजे ठीक. काळा ओलसर असेल तर जेट मोठा. पांढरा, चकचकीत असेल तर तिथेच थांबा. पांढऱ्या प्लगवर गाडी पळवली की पिस्टन धरणार, म्हणजे सिलेंडरमध्ये अडकणार. जेट एका वेळी एकच पायरी बदला. बाजारातल्या स्वस्त जेटवर आकडा एक आणि भोक भलतंच असतं, म्हणून ओरिजिनल जेट फेकू नका.

रीड व्हॉल्व्ह (मिश्रण आत घेणारी पातळ पाती) काढून उजेडासमोर धरा. पाती बसल्या जागी फटीतून उजेड दिसला किंवा टोक तुटलेलं असेल तर पाती बदला.

एवढं करूनही फरक नाही तर कॉम्प्रेशन गेज लावा, अ‍ॅक्सिलेटर पूर्ण उघडा ठेवून काटा थांबेपर्यंत किका मारा. १०० पीएसआयच्या खाली असेल तर बोअर उघडायची वेळ आली. रिंग गॅप ०.१५ ते ०.३५ मिमीमध्ये हवा. क्रँकचे ऑइल सीलही विसरू नका: मॅग्नेटोकडचं सील गेलं की हवा आत ओढली जाते आणि मिश्रण पातळ होतं, क्लचकडचं गेलं की गिअर ऑइल जळतं आणि धूर पांढरा येतो.

पंचगंगा_रायडर

बॅफल धुवत बसण्यापेक्षा काढूनच टाकायचा की राव. इकडे निम्म्या गाड्या तशाच फिरतात. आवाज पण येतो आणि पळते पण.

दोनस्ट्रोकी

आवाज येतो, वेग येत नाही. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर म्हणजे नुसती धूर बाहेर सोडायची नळी नव्हे. एक्झॉस्टची लाट मागच्या शंकूवर आपटून परत येते आणि पोर्टमधून निसटलेलं ताजं मिश्रण पुन्हा सिलेंडरमध्ये ढकलते. त्यासाठी शेवटची नळी ठरावीक बारीक असावी लागते. ती काढली की आतला दाब पडतो, मधल्या आरपीएमची ओढ जाते आणि मिश्रणही पातळ पडतं. वर जेट तोच ठेवला की पिस्टनला भोक. आणि पोलिसांचा दंड वेगळाच.

पंचगंगा_रायडर

बरं, बॅफल परत लावतो. महाबळेश्वरला गाडी मेल्यासारखी होते, ते पण सायलेन्सरमुळेच का?

थंपवाले

नाही, ती उंची. १३५० मीटरवर हवा समुद्रसपाटीपेक्षा बारा-तेरा टक्के विरळ, तेवढीच ताकद कमी. गंमत अशी की अडवणारी हवाही तेवढीच विरळ होते, त्यामुळे सपाटीवरचा टॉप स्पीड फारसा बदलत नाही. मार बसतो तो चढाला आणि पिकअपला. त्यात खालच्या हवेला लावलेला जेट वर जाऊन जास्त पेट्रोल देतो, म्हणून घुटमळते. दोन दिवसांसाठी जेट बदलू नका. सुई असलेल्या कार्बोरेटरला सुईची क्लिप एक खाच वर घेतली की काम भागतं, घाट उतरायच्या आधी परत खाली. विसरलात तर खाली पातळ मिश्रणावर पळवाल.

आणि टू-स्ट्रोक लांब उतारावर अ‍ॅक्सिलेटर पूर्ण बंद करून सोडू नका. इंजिन फिरत राहतं पण पेट्रोलबरोबर येणारं ऑइल जवळजवळ थांबतं. मधूनमधून थोडा अ‍ॅक्सिलेटर द्यायचा. येझदीवाल्यांनी तर जास्तच, तिचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, लिटरला ४० ते ५० मिली.

कराडची_आरएक्स

खूप आभार. फुकटच्या गोष्टी आज पाहिल्या. मागचं चाक अर्धा फेराही फिरत नाही. ब्रेकचा रॉड सोडला तरी तेच. एक्सलचा नट ढिला केला की मात्र छान फिरतं. बॅफलची बरीच भोकं बुजलेली होती, ती सोड्यात टाकलीय. मीटरचा फरक ४०, ६०, ८० ला सारखाच, १४ टक्के. पुढचा टायर गुळगुळीत आहे.

दोनस्ट्रोकी

नट ढिला केल्यावर फिरतं म्हणजे हबमधल्या दोन बेअरिंगच्या मधला स्पेसर गायब आहे किंवा घासून आखूड झालाय. कुणीतरी बेअरिंग बदलताना तो परत टाकला नसेल. स्पेसर नसला की नट आवळताना बेअरिंगच्या आतल्या कड्या एकमेकींकडे दाबल्या जातात आणि गोळ्या चिरडतात. नट ढिला ठेवून चालवणं हा उपाय नव्हे, चाक निसटेल. हब उघडा, स्पेसर टाका, आणि या अवस्थेत चाललेली दोन्ही बेअरिंगं बदला. बॅफल आणि हे मिळून तुमचे आठ-दहा किमी इथेच सापडतील. आधी एवढंच करून मोजा, जेटला हात लावू नका. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने फरक पडला ते कळत नाही.

काटा_आणि_केबल

दोन्ही दिशांची सरासरी ही आमची हौस नाही बरं का. वेगाच्या विक्रमांना हाच नियम आहे: उलटसुलट दोन धावा दोन तासांच्या आत, आणि त्यांची सरासरी. बर्ट मन्रोने १९२० च्या इंडियन स्काउटवर १९६७ मध्ये अमेरिकेतल्या बॉनव्हिल मिठागरावर ताशी २९६ किमीचा विक्रम केला तोही असाच मोजलेला. ती गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा ८८ जायची. इंजिन ६०० वरून ९५० सीसी केलं होतं, पण गाडीवर माशासारखं बंद कवच नसतं तर नुसत्या सीसीने एवढं झालं नसतं.

हवेचा हिशोब पटत नसेल त्यांनी रोली फ्रीचा फोटो शोधावा. सप्टेंबर १९४८, तेच मिठागर, व्हिन्सेंट गाडी. चामड्याचे कपडे वाऱ्याने फाटले म्हणून ते काढून पोहण्याच्या चड्डीवर गाडीवर आडवा झाला आणि ताशी २४१.९ किमी गेला. इंजिन तेच, कपडे उतरवून चार-पाच किमी वाढले.

थंपवाले

रस्त्यावर चड्डीचा प्रयोग नको. चौपदरी रस्त्यावर दुचाकीला केंद्राची कमाल मर्यादा ८० आहे, आणि मुंबई-पुणे एक्सप्रेस वेवर दुचाकीला प्रवेशच नाही. टॉप स्पीडच बघायचा असेल तर बंद ट्रॅकवर जा. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईला आणि कोइम्बतूरला करी स्पीडवेला ट्रॅक आहेत.

ड्रम ब्रेकचंही गणित करा. चांगले शू असतील तर १०० वरून थांबायला सुमारे ७९ मीटर, आणि ब्रेक दाबेपर्यंतचा एक सेकंद धरला तर आणखी २८. ८० वरून हेच सगळं मिळून ७३ मीटरमध्ये होतं. आरडी ३५० ला इथे डिस्कऐवजी ड्रम दिला होता, त्यामुळे दीडशेच्या गाडीला कुठल्या ब्रेकवर भरवसा ठेवायचा ते तिच्या मालकांनाच विचारा. ड्रम एकदा जोरात वापरला की तापतो, लगेच दुसऱ्यांदा दाबला तर पकड निम्मी.

कराडची_आरएक्स

पुढचा टायर आता बदलतोच आहे. २.५०-१८ च घेतो. विकत घेताना आणखी काय बघू?

काटा_आणि_केबल

साइजच्या पुढे एक अक्षर असतं, ती त्या टायरची वेगाची मर्यादा. जे म्हणजे १००, एल १२०, पी १५०, एस १८०. आरएक्सला एल पुरतो, पी मिळाला तर उत्तम. बाजूला चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. दुकानात पडून चार-पाच वर्षं झालेला टायर स्वस्तात दिला तरी घेऊ नका, रबर कडक होतं. ट्यूब नवीन टाका, जुनी ताणलेली असते आणि नव्या टायरमध्ये दुमडते. हवा पुढे २२ ते २५ आणि मागे २८ पीएसआय. टायर बसल्यावर ४०, ६०, ८० ची मोजणी पुन्हा घ्या. १४ चे साधारण ११-१२ टक्के होतील, बाकीचं स्प्रिंगचं आहे, ते मीटर उघडल्याशिवाय जाणार नाही.